दुसऱ्या भागात उतरायची हळद

आये, तुझी कॅसेट परत गाजते आहे आणि मला त्याचा संताप येतो. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून हे लिहायला मला सोपं जातंय. समोर बसून बोलले असते तर पहिल्या वाक्यालाच तू हात उडवून "गप बस गो, डोका खाऊ नको" म्हणून चुलीकडे वळली असतीस, आणि मी नेहमीसारखी गप्प बसले असते. आता तुला वळता येणार नाही. तुला जाऊन इतकी वर्षं झाली की कॉलेजसाठी माझ्याकडे राहणाऱ्या दादाच्या मुलीने तुला पाहिलेलंसुद्धा नाही. पण तुझा आवाज तिच्या मोबाइलमध्ये आहे, आणि ती तो मला जेवताना, भांडी घासताना, गॅलरीत कपडे वाळत घालताना ऐकवत असते. "आत्या, आजी काय गायलीय यार," म्हणते. मी म्हणते, आवाज कमी कर.

झालंय असं की या पोरीने आणि तिच्या कॉलेजातल्या मंडळींनी इंटरनेटवर एक वाद लावून दिला. कॅसेटच्या जमान्यात आपल्या आगरी-कोळी गाण्यांचे जेवढे अल्बम निघाले, त्यात सगळ्यात भारी कोणता? तू अल्बम म्हणजे फोटोंचा समजायचीस. आता एका कॅसेटमधल्या सगळ्या गाण्यांना मिळून अल्बम म्हणतात. महिनाभर लोक हमरीतुमरीवर आले होते. कल्याणचे एक म्हणतात, ठाण्याचे दुसरं म्हणतात, दुबईत नोकरीला गेलेला कुणी आपल्या गावचा माणूस तिथून तिसरंच म्हणतो. गाळत गाळत शेवटी दोन अल्बम उरले. एक तुझा, आणि दुसरा ठाण्याच्या तिचा. नाव घेत नाही, तुला अजूनही चालणार नाही. मागच्या रविवारी डोंबिवलीत एका हॉलमध्ये त्याचा निकाल लावायचा होता, आणि पाच पंचांपैकी एक मी होते. मला पंच तुझ्या नातीने केलं. मी नको म्हणत होते. ती म्हणाली, आत्या, तू नाही तर कोण?

ऑफिसातही हा विषय निघाला होता. वागळे इस्टेटमधल्या आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत आम्ही सात-आठ जण डबे उघडून बसतो. आमच्या वयाचे सगळे, त्यामुळे जुन्या पॉप अल्बमांवर बोलायला कुणाला निमित्त लागत नाही. त्या दिवशी हिंदीतले चालू होते, जाकीट घातलेले गायक आणि डोंगरावरून पळणाऱ्या मुली. मी म्हटलं, आमच्या आगरी कॅसेटी विसरू नका. पर्चेसमधली माझी मैत्रीण, एरवी चांगली बाई, म्हणाली, "अगं, ते हळदीचं. ते पॉप नाही." माझी तार सटकली. म्हटलं, कल्याणच्या बाजारापासून ठाण्याच्या पानपट्टीपर्यंत जी कॅसेट वाजली, जिच्यावर रिक्षावाल्यांपासून डॉक्टरांच्या पोरींपर्यंत सगळे नाचले, ती लोकप्रिय नाही तर काय तुमच्या डोंगरावरच्या मुली लोकप्रिय? चमचा डब्यावर आपटला मी. तुझ्यासाठी मी जगाशी भांडते आये, अगदी पदर खोचून. फक्त तुझ्याशी भांडायचं राहून गेलं.

हा वाद तुला फार आवडला असता. तू स्वतःच घरात असले निकाल लावत बसायचीस. ओटीवर खाडीतल्या निवट्या साफ करायला बसलीस, आणि शेजारच्या घरात कुणी टेप लावला, की तुझी विळी थांबायची. कान तिकडे. "ही गाते का रेकते?" दुसरं गाणं सुरू झालं की, "हिला कुनी शिकवला नाय वाटता." एखादीचं बरं वाटलं तर काही बोलायची नाहीस, फक्त विळी परत चालू व्हायची. आणि ठाण्याच्या तिची कॅसेट लागली की तू उठून दारच लावून घ्यायचीस. मी सातवीत होते तेव्हा एकदा भाकऱ्या थापताना तिचं गाणं सहज गुणगुणले. तू तव्यावरची माझी भाकरी उचललीस आणि कोंबड्यांना टाकलीस. "त्या बाईचा गाना माझे घरान नको." एवढंच बोललीस. मला त्या दिवशी भाकरी मिळाली नाही असं नाही, मिळाली; पण मी पुन्हा तुझ्या स्वयंपाकघरात कधी गुणगुणले नाही.

तू धवलारीण होतीस. तुझ्या नातीच्या मित्रांना मला हे समजावून सांगावं लागलं. म्हटलं, आपल्यात लग्नात भटजी येईल तेव्हा येईल, आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक वेळेचा धवला, म्हणजे विधीचं गाणं, वेगळा, आणि तो तिने म्हटल्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. पहिल्या धवल्यात ती देवांना आवतण देते. गावदेवीला, खाडीला, शेताच्या बांधावरच्या देवाला, घरातल्या गेलेल्या माणसांना, सगळ्यांना नावं घेऊन बोलावते की या, आमच्या पोरीला हळद लागते आहे. शेवटच्या धवल्याने हळद उतरवली की लगीन पुरं; तोवर पोर हळदीतच. म्हणून तू लग्नाशिवाय धवला कधी म्हटला नाहीस. शाळेच्या संमेलनाला बाईंनी बोलावलं, तू गेली नाहीस. पुढाऱ्यांच्या कार्यक्रमाला गाडी पाठवली, तू मागे फिरवलीस. "आवतान दिला का देव येतान," तू म्हणायचीस. "येऊन बघतील त मांडवान नवरी नाय. मंग त्यांना काय सांगू, परत जावा?" हे ऐकायला मला तेव्हा किती आवडायचं. माझी आई देवांचा वेळ फुकट घालवत नाही, असं मी वर्गात सांगितलं होतं.

मग कल्याणचा तो कॅसेटवाला शेट आला. स्कूटरवरून यायचा, ओट्यावर बसायचा, चहा घ्यायचा आणि तू नाही म्हटलंस की हसून जायचा. परत यायचा. गाव तुझ्या मागे लागलं. ठाण्याच्या तिची कॅसेट तेव्हा नुकतीच आली होती, तिच्यात तिने म्हणे दोन धवले नाचाच्या ठेक्यावर बसवले होते, आणि ते तुझ्या जिव्हारी लागलं होतं हे काय मला कळत नव्हतं? त्या दिवशी शेट बसला होता आणि मी दारात बसून भूगोलाची वही पुरी करत होते. नववीत होते. तू माझ्याकडे बघितलंस. बाजारात वांगं उलटंपालटं करून बघावं तसं बघितलंस. "नवरी हाय ना घरान," तू म्हणालीस. "हिला बसवू. हलद लावू. मंग मी गाईन." शेटने टाळी मारली. नवऱ्या मुलालाही हळद लागते, म्हणून तू दादालाही विचारलंस; दादा म्हणाला माझी मॅच आहे, आणि तू "बरा" म्हणालीस. मला विचारलंच नाहीस. वाद करायचा तर मी इथून सुरू करेन आये. त्याला मॅच होती, मला काही नव्हतं का?

रेकॉर्डिंगचा तो स्टुडिओ वागळे इस्टेटमध्येच होता. आज मी जिथे कामाला जाते तिथून चालत जाण्याइतका जवळ. खाली लेथ मशीनचं वर्कशॉप, वर पत्र्याची खोली. कारखान्यांच्या सुट्टीच्या दिवशी गेलो, म्हणजे खालचा आवाज नको. मी पाटावर बसले आहे. तुझी पिवळी साडी नेसवलीय, ती मला चारी बाजूंनी मोठी होते. कपाळाला मुंडावळ्या. भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात, पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज माइकमध्ये येतो. तुझ्यामागे सूर ओढायला शेजारच्या दोघी आल्यात. तू डोळे मिटून आवतणाचा धवला सुरू करतेस आणि मला खरंच काटा येतो, कारण तुझा आवाज घरी असतो त्यापेक्षा मोठा आहे, आणि तू माझं नाव घेतेस. आजवर दुसऱ्या पोरींची नावं घेताना ऐकलेलं. हळदीचं गाणं येतं, तू हळद लावतेस, कपाळाला, गालांना, हातांना. काचेमागून शेट म्हणतो, परत. तू परत लावतेस. परत. परत लावतेस. वाळलेल्या हळदीवर ओली हळद. माझे गाल ताणले जातायत, मला हसूही येतंय, आणि मला छान वाटतंय. हे मी कुणाला सांगितलं नाही, पण मला त्या दिवशी खूप छान वाटत होतं. तू इतका वेळ माझ्या तोंडाला हात लावलास तो तेवढाच.

शेवटचा धवला राहिला. हळद उतरवायचा. शेट काचेमागून बाहेर आला. "मावशी, दोन्ही साइड भरल्या. जागा नाही आता. तो आपण दुसऱ्या भागात पहिलाच घेऊ. लोक वाट बघतील." मी तुझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता ही माणसाला फाडून खाईल. लग्नात कुणी एक कडवं गाळायला सांगितलं तर मांडव सोडून निघून जाणारी बाई तू. तू पदराने घाम पुसलास, थोडा विचार केलास, आणि म्हणालीस, "बरा." मग मला म्हणालीस, "जा गो, तोंड धव." मी खाली वर्कशॉपच्या मोरीवर ऑइलचे हात धुवायच्या साबणाने तोंड धुतलं. हळद निघाली नाही. ठाणे स्टेशनकडे येताना टेंभी नाक्याला रिक्षा थांबली, नवरात्राच्या मांडवाचे बांबू उभे राहत होते, आणि बाजूच्या रिक्षातली एक बाई माझ्याकडे बघून कौतुकाने म्हणाली, "एवढ्या लहान वयात?" तू शेटने काय काय कबूल केलंय ते शेजारणींना सांगत होतीस.

मी घरी येऊन म्हटलं, आये, उतरव ना. तू म्हणालीस, "जिथं लावली तिथंच उतरंल. दुसरे भागान." मला वाटलं, महिन्याभराचा प्रश्न आहे.

मला आजही कळत नाही, हे असलं शास्त्र तू कुठून काढलंस. माइकसमोर लागलेली हळद माइकसमोरच उतरली पाहिजे, कॅसेटमधलं लगीन कॅसेटमध्येच पुरं झालं पाहिजे, नाहीतर बोलावलेले देव गोंधळतील. तुझ्या डोक्यात ते पक्कं होतं. वाड्यातली काकी, तीही धवलारीण, एकदा तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "पोर तशीच हाय अजून. मी उतरवते, काय त्यान?" तू सूप बाजूला ठेवून उभी राहिलीस. "माझे पोरीची हलद दुसरी कोन उतरवनार? तुझी काय लायकी?" काकी नंतर आपल्या उंबऱ्याला कधी आली नाही. कॅसेट आली, आणि काय चालली! गावाच्या वेशीपासून वाजायची. तुला सत्काराला साड्या मिळाल्या, शाली मिळाल्या, जिथे तिथे पहिल्या रांगेत खुर्ची. शाळेतली मुलं मला नवरी म्हणायला लागली. आधी गंमत होती. नंतर पोरी मोठ्या झाल्या, एकेकीची लग्नं ठरली, तू एकेकीला हळद लावलीस आणि एकेकीची नीट उतरवलीस, आणि मी ते मागच्या रांगेत बसून ऐकलं.

मग माझ्यासाठी स्थळं यायला लागली. कल्याणकडून एक आलं होतं, मुलगा रेल्वेत, घर चांगलं. मुलाच्या आईने पोहे खाता खाता सहज विचारलं, "कॅसेटमध्ये हळद लागलेली ती हीच ना? मग उतरवली कधी?" तू मोठ्याने हसलीस. "आवो, ती त शूटिंग व्हता! तवा काय खरा आसता?" मी आत दाराशी उभी होते आये. चहाचे कप हातात होते. घरात मला सांगायचीस की हळद खरी आहे, हात लावू नको, दुसऱ्या भागात उतरेल. आणि लोकांना सांगायचीस की खोटी होती. लोक काही खुळे नव्हते. ज्या बाईने नवरीशिवाय धवला म्हटला नाही म्हणून पंचक्रोशीत नाव झालं, तिने आपल्या पोरीला खोटी हळद लावली, हे कोण मानणार? आणि खरी मानली तर मी अर्ध्या लग्नाची. तुझं नाव जेवढं मोठं, तेवढी माझी पंचाईत मोठी. ते स्थळ गेलं. पुढचंही गेलं. लग्न झालं नाही याचं मला दुःख नाही असं मी सगळ्यांना सांगते, आणि बरेचदा ते खरंही असतं. नोकरी आहे, स्वतःचं घर आहे, कुणाची धुणी नाहीत. पण ते मी ठरवलं असतं तर गोष्ट वेगळी होती. माझं तुझ्या शेटने ठरवलं, कॅसेटची फीत संपली म्हणून.

दुसरा भाग आलाच नाही. सीडी आल्या, मग हळदीला डीजे आले, शेटच्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगली गेली. तू तरी थांबलीच होतीस. कल्याणला भाजी आणायला जायचीस तेव्हा दुकानात डोकावून यायचीस. "माझी पोर हलदीन हाय रे शेट, कधी करतंस?" तो म्हणायचा, करू मावशी करू. मी नोकरीला लागले तेव्हा तू मला साडी आणलीस, आणि रंग कोणता आणलास? पिवळा. दुकानात दुसरे रंग नव्हते का? मी ती घडी मोडली नाही, तू विचारलंही नाहीस. न्हाणीघरात तू कधीतरी तो उतरवायचा धवला गुणगुणायचीस, शब्द न म्हणता, नुसती चाल. मी दाराबाहेर बादली घेऊन थांबायचे. वाटायचं, आज शब्द येतील, बाहेर येऊन म्हणेल, बस पाटावर. तू केस पुसत बाहेर यायचीस आणि विचारायचीस, पानी गेला का?

आणि कल्याणच्या त्या हॉस्पिटलात, शेवटच्या आठवड्यात. तू बरीच शुद्धीवर होतीस. दादा औषधं आणायला गेला होता. मी खुर्ची जवळ ओढली आणि तुझा हात धरून म्हटलं, आये, आता म्हण. माइक नाही तर नाही. दोन ओळी म्हण, माझ्या गालाला नुसता हात लाव, मला पुरे. किती वर्षांनी मागितलं होतं मी तुझ्याकडे काही. तू माझ्याकडे बघितलंस, ओळखून बघितलंस, आणि विचारलंस, "शेटचा काय निरोप?"

त्या प्रश्नाचा राग माझा अजून गेलेला नाही. तुला बरं नव्हतं, औषधांनी डोकं जड होतं, हे सगळं दादाने मला शंभरदा समजावलंय. राग समजावून जात नाही.

तर आता रविवारचं ऐक. हॉल भरलेला होता. तुझी नात सूत्रसंचालन करत होती, नऊवारी नेसून, गळ्यात तुझी पुतळ्यांची माळ. पंचांमध्ये एक हळदीचा डीजे होता, दिवा-मुंब्र्याकडचा जाडजूड तरुण, तो ठाण्याच्या तिच्या बाजूने. "बघा, साधी गोष्ट हाय. आपल्या पब्लिकला काय पाहिजे? ठेका. त्या कॅसेटवर आख्खा ठाणा नाचलाय. दुसरीवर कोण नाचतो? लोक उभे राहतात नुसते." आणि एक डोंबिवलीचे सर होते, निवृत्त, संगीतावर लिहिणारे, ते तुझ्या बाजूने. फार सुंदर मराठी बोलत होते. तुझ्या आवाजाबद्दल बोलले, आवतणाबद्दल बोलले, मी मान डोलावत होते. मग म्हणाले, "पण हा अल्बम खरा थोर ठरतो तो त्याच्या शेवटामुळे. हळद लागते, आणि गाणं थांबतं. हळद उतरतच नाही. नवरी तशीच बसून राहते. परंपरेने दिलेला शेवट नाकारण्याचं केवढं हे धाडस! शाळेची पायरी न चढलेल्या एका बाईला हे सुचलं कसं असेल?" हॉलमध्ये वाहवा झाली.

मी माइक ओढून घेतला. "सर, सुचलं नाही. कॅसेट संपली." लोक हसले. मी म्हटलं, हसू नका. ती नवरी खोटी नव्हती. मी होते. नववीत होते. आणि मग मी सगळं सांगितलं, पाट, पंखा, शेट, मोरीवरचा साबण, कल्याणचं स्थळ. आवाज चढला माझा, चढू दिला. ज्याला तुम्ही धाडस म्हणताय ते मी तोंडावर घेऊन फिरले, म्हटलं. बोलून झाले तेव्हा पुढच्या रांगेतल्या बायका खुर्च्यांच्या टोकावर येऊन बसल्या होत्या. मला वाटलं, चला, कुणीतरी ऐकलं. सरांनी चष्मा काढला, पुसला आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हणजे हा अल्बम आपण समजत होतो त्याहूनही मोठा आहे." आणि टाळ्या पडल्या आये! उभे राहून टाळ्या वाजवल्या लोकांनी. माझं आयुष्यसुद्धा तुझ्याच खात्यात जमा झालं. डीजे डोळे पुसत होता. तुझी नात धावत आली, मला मिठी मारली, आणि म्हणाली, "आत्या, एवढी मोठी गोष्ट तू मला आधी का नाही सांगितलीस? आता तो धवला तूच म्हण ना स्टेजवर. आम्ही शूट करतो. दुसरा भाग पुरा होईल!" तिचं चुकलं नाही, ती पोर आहे, तिच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. पण तिचा मोबाइल आधीच वर झाला होता. मी म्हटलं, मला तो येत नाही. येतो मला. अख्खा येतो. पण तुझा कार्यक्रम पुरा करायला मी पुन्हा पाटावर बसणार नव्हते.

मग चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येक पंचाने एक नाव लिहायचं, घडी घालून डब्यात टाकायची. मी नाव लिहिलं. ठाण्याच्या तिचं.

मोजणी झाली. तू एका मताने हरलीस. तुझ्या नातीचा चेहरा पडला, तिने सगळ्यांसमोर डीजेला धरलं, तर तो देवाची शपथ घेऊन म्हणाला, "नाय गो ताई, मॅडमचा ऐकल्यावर मी आजीलाच दिला. खरा सांगतो." सर तर तुझेच होते. उरलेल्या दोघांवर संशय गेला, त्यांची चहाच्या टेबलाशी चांगलीच जुंपली. मी माझी पर्स उचलली आणि रिक्षा करून घरी आले. पोरगी अजून शोधते आहे की तुझ्याविरुद्धचं तिसरं मत कुणाचं. रोज एक नवीन नाव काढते. मी जेवण वाढते आणि म्हणते, जाऊ दे ना.

तुला हरवून मला बरं वाटलं. एक दिवसभर खूप बरं वाटलं. हा कागद मी कुणाला दाखवणार नाही, दादाला नाही आणि पोरीला तर नाहीच. कुठे पाठवायचा हा प्रश्नच नाही. फक्त एक सांगते. काल ऑफिसातून आल्यावर मी ठाण्याच्या तिचा तो अल्बम आयुष्यात पहिल्यांदा सबंध ऐकला, एक गाणं न सोडता. तुझ्या पासंगालाही पुरत नाही गो.